एका हाकेला एकच ‘ओ’



ज्यांच्या स्मृत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या सरांचं नाव या सभागृहात मी सांगायची गरज नाही. आठवी ते दहावी मी त्यांच्याकडे मराठी शिकलो. आमच्या वर्गात दोन संजय होते आणि आडनावंही एकच. सर हजेरी घेताना ‘मळ्यातला संजय’ आणि ‘खालच्या आळीचा संजय’ असं पुकारायचे. मळ्यातल्या संजयला ते आवडायचं नाही. एकदा त्यानं तसं बोलून दाखवलं, तेव्हा सर म्हणाले, “बाळ, एका हाकेला एकच ‘ओ’ आली पाहिजे. दोन आल्या तर हाक मारणाऱ्याचं चुकलं.”

पुढे बत्तीस वर्षं मी हवाई वाहतूक नियंत्रणात काढली. रोज शेकडो हाका मारल्या आणि शेकडो ‘ओ’ ऐकल्या. नियंत्रकाच्या नोकरीत जे शिकायचं असतं, त्यातलं निम्मं सरांच्या त्या एका वाक्यात आहे, हे मला निवृत्तीच्या आसपास उमगलं. आज बोलायचं आहे ते आकाशातल्या नावांबद्दल: ती कशी ठेवतात, ती कानाला कशी फसवतात आणि त्या फसण्याची किंमत कुणी मोजली त्याबद्दल.

एकाच नावाची दोन ठिकाणं म्हणजे काय घोळ, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. वडगाव म्हटलं की आपण लगेच विचारतो, कुठलं? वडगाव मावळ, वडगाव शेरी, वडगाव बुद्रुक की वडगाव निंबाळकर? आणि ही सगळी एकट्या पुणे जिल्ह्यातली. तळेगाव म्हटलं तर दाभाडे की ढमढेरे? थोरल्या गावाला बुद्रुक, धाकट्याला खुर्द, ही फार्सीतून आलेली जोडी आपण इतकी आपली केली की ती परकी आहे हे आठवतही नाही. आपल्या पूर्वजांनी हा प्रश्न नांगरटीच्या आणि महसुलाच्या काळात सोडवला आणि चांगला सोडवला.

पण ही युक्ती रेडिओवर चालत नाही, कारण फरक दाखवणारा शब्द शेवटी येतो. वैमानिक आणि नियंत्रक ज्या रेडिओवर बोलतात, त्यावर बोलताना बटण दाबून धरावं लागतं. घाईत बटण अर्धा क्षण आधी सुटलं की शेवटचा शब्द गेला आणि ‘वडगाव’ तेवढं उरलं. दुसरी गोष्ट म्हणजे एका लहरीवर एका वेळी एकानंच बोलायचं असतं. दोघांनी एकदम बटण दाबलं तर ऐकणाऱ्याला दोघांपैकी कुणीच कळत नाही, नुसती शिट्टी ऐकू येते. आणि तिसरी गोष्ट अशी की, या रेडिओवरून माणसाचा पूर्ण आवाज जात नाही. साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जातो. ‘स’ आणि ‘फ’ यांना वेगळं करणारा सूर बराचसा त्याच्या वर असतो, म्हणजे तो कापलाच जातो. समोर बसलेल्या माणसाचं ‘स’ आणि ‘फ’ आपण सहज ओळखतो. हेडफोनमध्ये ते नुसते फुसफुसतात. त्यातून बोलणारा कझाक, ऐकणारा मराठी आणि भाषा इंग्रजी.

अशा रेडिओवर कान ऐकतो थोडं आणि भरतो जास्त. जे ऐकू येईल असं वाटत असतं, तेच ऐकू येतं. कानाची घडणच अशी आहे. त्याला आळस म्हणणं अन्याय होईल.

आता आकाशातली नावं. पूर्वी विमानं जमिनीवरच्या रेडिओ केंद्रांच्या आधारानं उडत. मुंबईच्या केंद्राची खूण ‘बीबीबी’, नागपूरच्या केंद्राची ‘एनएनपी’. शहराचं नाव मुंबई झालं तरी विमानतळाच्या ‘बीओएम’ आणि ‘व्हीएबीबी’ या दोन्ही खुणांत अजून बॉम्बेच आहे. रेडिओ केंद्राची खूण ६०० नॉटिकल मैलांच्या परिसरात दुसऱ्या केंद्राला द्यायची नाही, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. नावाबद्दलही नियम आहे: ते बोलायला सोपं हवं, शक्यतो दोन किंवा तीन उच्चारखंडांचं हवं आणि गावाचं मूळ नाव अवघड असेल तर त्याचा ओळखता येईल असा आटोपशीर तुकडा घ्यावा. नियमाच्या पुस्तकात जर्मनीतल्या फ्यूर्स्टेनफेल्डब्रुकचं उदाहरण दिलेलं आहे. त्याचं त्यांनी ‘फर्स्टी’ केलं. आमच्या प्रशिक्षणात तो शब्द आला तेव्हा पहिल्या दमात तो कुणालाच उच्चारता आला नव्हता. नियमाचं म्हणणं तिथल्या तिथे सिद्ध झालं.

पुढे उपग्रहांच्या मदतीनं विमानं उडू लागली आणि खाली केंद्र नसलं तरी आकाशात कुठेही बिंदू ठरवता येऊ लागला. अशा बिंदूला पाच इंग्रजी अक्षरांचं नाव द्यायचं असतं. त्या शब्दाला अर्थ असण्याची गरज नाही, पण तो उच्चारता आला पाहिजे. तुम्ही असं एक नाव ऐकलेलं असेल. ८ मार्च २०१४ च्या रात्री मलेशियन एअरलाइन्सचं एमएच ३७० रडारवरून दिसेनासं झालं, ते ‘इगारी’ नावाच्या बिंदूजवळ. मलेशिया आणि व्हिएतनाम यांच्यामधल्या समुद्रावरचा हा एक बिंदू. खाली गाव नाही, बेट नाही, फक्त नाव.

सव्वीस अक्षरांतून पाच अक्षरांच्या १ कोटी १८ लाख ८१ हजार ३७६ जुळण्या होतात. ऐकायला पुष्कळ वाटतं. पण त्यातून उच्चारता न येणाऱ्या काढा, अभद्र काढा, आधी देऊन झालेल्या काढा, आणि आजूबाजूच्या नावांशी कानाला जुळणाऱ्या काढा. शेवटी हातात फार थोड्या राहतात. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेची प्रादेशिक कार्यालयं ही नावं वाटतात. पण दोन नावं सारखी आहेत की नाहीत, हे कागदावर ठरवता येत नाही. कागदावर दिसायला वेगळे असलेले दोन शब्द हेडफोनमध्ये जुळे भाऊ निघतात. ते कळतं फक्त तिथे बसलेल्या माणसाला.

मला ते एका पावसाळी रात्री कळलं. कुठल्या केंद्रात ते सांगत नाही आणि ती दोन नावंही सांगत नाही. रडारची खोली अंधारी असते हे तुम्ही चित्रपटात पाहिलं असेल. समोर पडदा, त्यावर प्रत्येक विमानाचा ठिपका आणि त्याला चिकटलेली छोटी पाटी: विमानाचं हाकेचं नाव, उंची, वेग. बाजूला लाकडी चौकटीत कागदाच्या पट्ट्या, दर विमानाला एक. बोललेला प्रत्येक हुकूम आम्ही त्या पट्टीवर पेनानं टिपायचो. त्या रात्री सगळीकडे ढगांचे ढीग होते. एकामागून एक विमान डावी-उजवी मागत होतं. एका विमानाचे ढग मागे पडले तसं मी त्याला ‘डायरेक्ट’ दिलं, म्हणजे मधले बिंदू सोडून सरळ पुढच्या अमुक बिंदूकडे जायला सांगितलं. वैमानिकानं नाव परत म्हणून दाखवलं. याला आम्ही रीडबॅक म्हणतो. मी ते ऐकलं, बरोबर वाटलं, पट्टीवर टिपलं आणि दुसऱ्या विमानाकडे वळलो.

रडारच्या दोन-तीन फेऱ्या झाल्यावर पाहतो तर त्या विमानाचं नाक डावीकडे वळलेलं. शेजारच्या सेक्टरमध्ये एक बिंदू होता. त्याचं पहिलं आणि शेवटचं अक्षर तेच, फक्त मधलं व्यंजन वेगळं. वैमानिकानं तो नोंदवला होता. त्यानं तोच परत म्हणून दाखवला होता आणि मी माझ्या मनातला ऐकला होता. डावीकडे त्याच उंचीवर समोरून एक विमान येत होतं. अंतर अजून पुरेसं होतं. मी त्याला दिशा दिली आणि तो परत फिरला. “सॉरी सर,” तो म्हणाला. मी म्हटलं, “नो प्रॉब्लेम.” पट्टीवरची माझी खूण स्वच्छ होती. चूक शोधायला कुणी आलं असतं, तर कागदावर त्याला काहीच सापडलं नसतं.

या रात्रीकडे मी पुन्हा येणार आहे. आधी तुम्हाला कोलंबियात न्यायचं आहे.

२० डिसेंबर १९९५. नाताळ पाच दिवसांवर. अमेरिकन एअरलाइन्सचं ९६५ क्रमांकाचं बोइंग ७५७ मायामीहून काली शहराकडे निघालं तेच सुमारे दोन तास उशिरानं. विमानात १६३ माणसं. काली हे डोंगरांच्या दोन रांगांमधल्या एका लांबट खोऱ्यात आहे. विमान उत्तरेकडून या खोऱ्यात शिरतं, आधी तुलुआ नावाचं केंद्र लागतं, मग विमानतळाजवळ रोझो नावाचं. रात्र झालेली. कालीला रडार नव्हतं. बंडखोरांनी ते १९९२ मध्ये उडवून दिलं होतं. त्यामुळे विमान कुठे आहे हे नियंत्रकाला कळायचा एकच मार्ग होता: वैमानिकानं नाव घेऊन सांगणं. सगळा भरवसा नावांवर.

वैमानिकांनी तयारी केली होती विमानतळाला वळसा घालून दक्षिणेकडून उतरण्याची. वारा शांत होता, म्हणून नियंत्रकानं विचारलं की उत्तरेकडून थेट उतरता का? उशीर झालेला, त्यांनी हो म्हटलं. आता त्यांना घाईनं खाली यायचं होतं, म्हणून पंखांवरचे वेग-अवरोधक उघडले. त्याआधी काय झालं होतं पाहा. नियंत्रकानं कालीपर्यंत येण्याची परवानगी दिली होती. वैमानिकांनी तिचा अर्थ सरळ कालीला असा घेतला आणि संगणकात तसं भरलं. संगणकानं आज्ञा पाळली आणि मधले सगळे बिंदू पडद्यावरून पुसले. त्यात तुलुआही गेलं. नियंत्रक म्हणतोय, तुलुआ आलं की कळवा. वैमानिक तुलुआ शोधताहेत. तुलुआ पडद्यावर नाही, आणि विमान ते ओलांडून पुढे आलेलं.

मग त्यांनी ठरवलं, तुलुआ राहू दे, रोझोला जाऊ. हातातल्या नकाशावर रोझोची खूण होती एकच अक्षर, ‘आर’. वैमानिकानं संगणकात ‘आर’ दाबलं. संगणकानं त्या खुणेच्या केंद्रांची यादी दिली. यादीत सगळ्यात वरचं नाव जवळच्या केंद्राचंच असणार, हा नेहमीचा अनुभव. त्यानं ते निवडलं. ते होतं बोगोटा शहराजवळचं ‘रोमिओ’ नावाचं केंद्र, कालीपासून सुमारे १३० नॉटिकल मैलांवर, डोंगरांच्या पलीकडे.

इथे जरा थांबू या, कारण आजच्या विषयाचा गाभा इथे आहे. रोझो आणि रोमिओ या दोन्ही केंद्रांची खूण एकच होती, ‘आर’. दोन्हींची रेडिओ लहरही एकच होती. त्यातून ‘रोमिओ’ हा तर रेडिओवर ‘आर’ हे अक्षर सांगण्यासाठी सगळं जग वापरतं तोच शब्द. आणि नकाशावर ‘आर’ असलेलं रोझो संगणकाच्या कोठारात ‘आर’ म्हणून नव्हतंच. तिथे ते ‘रोझो’ अशा पूर्ण नावानं ठेवलेलं होतं. दोघांची खूण एकच, म्हणून कोठार भरणाऱ्यांनी ‘आर’ बोगोटाच्या केंद्राला दिला आणि रोझोला पूर्ण नाव लिहायला लावलं. ही गोष्ट नकाशा पाहणाऱ्या वैमानिकाला कुठून कळावी? त्यानं हाक मारली रोझोला आणि ‘ओ’ दिली रोमिओनं.

विमान आपोआप डावीकडे, पूर्वेला वळलं. सुमारे मिनिटभर ते डोंगरांच्या दिशेनं उतरत राहिलं. मग वैमानिकांच्या लक्षात आलं आणि त्यांनी उजवीकडे वळवलं. पण आता खोरं आणि विमान यांच्यामध्ये डोंगर होता. जमीन जवळ आल्याचा इशारा वाजला तेव्हा हातात जेमतेम बारा-तेरा सेकंद होते. वैमानिकांनी पूर्ण ताकद लावली, नाक वर घेतलं. वेग-अवरोधक मात्र तसेच उघडे राहिले. रात्री ९ वाजून ४१ मिनिटांनी, ८,९०० फुटांच्या आसपास विमान डोंगरावर आदळलं. १५९ माणसं गेली. चार वाचली.

नियंत्रकाची साक्ष मला आजही अस्वस्थ करते. वैमानिकांचं शेवटचं बोलणं त्याला विसंगत वाटलं होतं. ते स्पॅनिश बोलणारे असते तर तुमच्या म्हणण्याचा मेळ बसत नाही, असं त्यानं त्यांना सांगितलं असतं. पण तेवढं सांगण्याइतकं इंग्रजी त्याच्याजवळ नव्हतं. ठरावीक वाक्यं होती, शंका विचारायला शब्द नव्हते. मातृभाषा सोडून दुसऱ्या भाषेत नोकरी केलेल्या प्रत्येकाला त्या क्षणाची ओळख असेल.

पुढे हा खटला अमेरिकेत चालला. २००० साली ज्यूरीनं दोषाची वाटणी केली: विमान कंपनी ७५ टक्के, नकाशे आणि माहितीचं कोठार पुरवणारी जेपसेन कंपनी १७ टक्के, आणि संगणक बनवणारी हनीवेल ८ टक्के. वैमानिकांनी चुका केल्या होत्या, यात वाद नाही. पण ज्यूरीतल्या सामान्य माणसांनी विमानाशी दुरूनही संबंध नसताना ओळखलं की एका अक्षराच्या मागेही दोष असू शकतो. चौथा हिस्सा त्यांनी ज्यांनी नावं साठवली आणि दाखवली, त्यांच्या पदरात घातला. वैमानिक चुकला, एवढ्यावर फाइल मिटवण्याची सवय असलेल्या आमच्या क्षेत्राला हा धडा होता, आणि मला तो न्याय्य वाटतो.

आता आपल्या जवळच्या एका माणसाबद्दल. २४ जानेवारी १९६६ रोजी एअर इंडियाचं ‘कांचनगंगा’ हे बोइंग ७०७ मुंबईहून दिल्ली, बैरुत, जिनिव्हा करत लंडनला निघालं होतं. त्यात डॉ. होमी भाभा होते. जिनिव्हाकडे उतरताना ते माँ ब्लाँ पर्वतावर आदळलं आणि ११७ जण गेले. त्याच दिवशी दिल्लीत इंदिरा गांधींनी पंतप्रधानपदाची शपथ घेतली. भाभांच्या मृत्यूबद्दल कटकारस्थानाच्या कथा आजही फिरतात. मला त्यांत रस नाही, कारण फ्रेंच चौकशीनं जे लिहून ठेवलं आहे ते कुठल्याही कटापेक्षा जास्त शिकवणारं आहे.

विमानाचा एक दिशादर्शक ग्राहक बिघडलेला होता. आपण माँ ब्लाँच्या बाजूनं पुढे चाललो आहोत, असं वैमानिकाला वाटलं आणि त्यानं तसं कळवलं. जिनिव्हाच्या रडारवर नियंत्रकाला खरी जागा दिसत होती. त्यानं दुरुस्ती दिली, माँ ब्लाँला अजून पाच मैल आहेत अशा आशयाची. त्याला वाटलं वैमानिक समजला. वैमानिकालाही वाटलं आपण समजलो. शब्द पुरेसे नेमके नव्हते म्हणून दुरुस्तीचा अर्थ उलटा लागला, हा चौकशीचा निष्कर्ष. दोन शहाणी, सावध माणसं एकमेकांशी बोलली, दोघांनाही बोलणं पूर्ण झाल्यासारखं वाटलं. भाभांचं पार्थिव कधी मिळालं नाही. विमानाचे अवशेष मात्र हिमनदी अधूनमधून खाली आणून टाकते. २०१२ मध्ये त्या विमानातली टपालाची एक सरकारी थैली सापडली.

आकड्यांचंही असंच आहे. फोनवर कुणी ‘एकोणसत्तर’ म्हटलं की आपण लगेच विचारतो, “सहा नऊ ना?” ‘एकोण’ ऐकू आलं की साठ, सत्तर, ऐंशी काहीही असू शकतं. रेडिओवरही म्हणूनच आकडे सुटे म्हणतात. तरीही १९ फेब्रुवारी १९८९ रोजी क्वालालंपूरजवळ एक मालवाहू जंबो टेकडीवर आदळलं. नियंत्रकानं २,४०० फुटांवर यायला सांगताना ‘टू फोर झीरो झीरो’ म्हटलं. वैमानिकांनी त्यातला ‘टू’ हा आकडा न घेता ‘पर्यंत’ या अर्थाचा शब्द घेतला आणि ४०० फुटांचा हिशोब धरला. विमानात चौघे होते. चौघेही गेले. दोन अर्थांचा एक उच्चार, तोही दोन हजार फुटांचा फरक पाडणारा.

याचा विचार कुणी केलाच नाही असं नाही. अक्षरं सांगण्याचे अल्फा, ब्राव्हो, चार्ली हे शब्द आज शाळकरी मुलांनाही येतात. ते सहज सुचलेले नाहीत. माँट्रियल विद्यापीठातले भाषाशास्त्रज्ञ ज्याँ-पॉल व्हिने यांनी ते काम केलं आणि वेगवेगळ्या देशांच्या लोकांकडून म्हणवून, ऐकवून शब्द तपासले. १९५१ साली पहिली यादी वापरात आली. तीत ‘एक्स’साठी ‘एक्स्ट्रा’ होता, तो ‘डेल्टा’सारखा ऐकू येई. ‘एन’साठी ‘नेक्टर’ होता, तो ‘व्हिक्टर’मध्ये मिसळे. वापरणाऱ्यांनी तक्रारी केल्या. यादीतले पाच शब्द बदलले आणि १ मार्च १९५६ पासून आजची यादी लागू झाली. नेक्टर म्हणताना लोकांनी जीभ नीट वळवावी, असं परिपत्रक कुणी काढलं नाही. शब्दच बदलला. माझ्या मते आमच्या क्षेत्रातलं ते एक फार मोठं शहाणपण होतं, आणि पुढच्या कित्येक अपघातांच्या वेळी आम्ही ते विसरलो.

भाषेच्या बाबतीत सुधारणेला बराच वेळ लागला. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणात चरखी दादरीवर सौदी आणि कझाकस्तानच्या विमानांची आकाशात टक्कर झाली, ३४९ माणसं गेली. कझाक विमान दिलेल्या उंचीखाली उतरलं होतं. त्या वैमानिकांना मीटरची सवय, आपल्याकडे फूट, आणि इंग्रजी तोकडं. अशा अपघातांनंतर वैमानिक आणि नियंत्रकांच्या इंग्रजीची परीक्षा जगभर सक्तीची झाली, ती मार्च २००८ पासून. आता पुष्कळ ठिकाणी हुकूम अक्षरांतूनही पाठवले जातात. अरबी समुद्रावरच्या विमानांना मुंबईहून संदेश असा मजकुरातून जातो. कान वाचतो, हे खरं. पण रोझो आणि रोमिओची गफलत कानाची नव्हती, डोळ्यांची आणि बोटांची होती, हे विसरायला नको.

आता मी त्या पावसाळी रात्रीकडे परत येतो. आधी एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे.

१ डिसेंबर १९७४ रोजी वॉशिंग्टनच्या डलेस विमानतळाकडे येणारं टीडब्ल्यूएचं बोइंग ७२७ व्हर्जिनियातल्या माउंट वेदर डोंगरावर आदळलं, ९२ माणसं गेली. नियंत्रकानं दिलेल्या परवानगीतल्या शब्दांचा अर्थ वैमानिकांनी एक घेतला, नियंत्रकानं दुसरा. चौकशीत उघड झालं की सुमारे सहा आठवड्यांपूर्वी युनायटेड एअरलाइन्सचं एक विमान त्याच ठिकाणी, त्याच गैरसमजातून जेमतेम वाचलं होतं. त्या वैमानिकांनी ते आपल्या कंपनीत सांगितलं होतं. कंपनीनं आपल्या वैमानिकांना सावध केलं. बाहेर कुणाला कळवण्याची सोय नव्हती, म्हणून टीडब्ल्यूएच्या वैमानिकांपर्यंत ते पोचलं नाही. त्यातून १९७६ मध्ये अमेरिकेत नासाकडे एक व्यवस्था आली. वैमानिकानं किंवा नियंत्रकानं आपली चूक, आपली फसगत लिहून पाठवायची. नाव गुप्त राहतं. आज आपल्याकडेही स्वेच्छेनं कळवण्याची सोय आहे.

माझ्या वेळीही कागद होता. त्या रात्री शिफ्ट संपल्यावर मी कॅन्टीनमध्ये चहा घेतला आणि शेजारच्या सहकाऱ्याला घडलेलं सांगितलं. तो म्हणाला, “अरे, गेल्या आठवड्यात माझ्याबरोबरही हेच झालं. तीच दोन नावं.” आम्ही दोघं थोडा वेळ गप्प बसलो. मग त्यानं मुलीच्या परीक्षेचा विषय काढला, मी उठून बस पकडली. काही घडलं नव्हतं. विमान वेळेवर उतरलं होतं. लिहून दिलं असतं तर माझा रीडबॅक का सुटला, हा प्रश्न आधी आला असता. म्हणून मी लिहिलं नाही. त्यानंही लिहिलं नाही.

सात-आठ महिन्यांनी आमच्याहून बऱ्याच कनिष्ठ असलेल्या एका मुलीच्या शिफ्टमध्ये पुन्हा तेच झालं. या वेळी दोन विमानांतलं अंतर कमी होतं. तिनं त्याच सकाळी दोन पानं लिहून दिली: स्वतःची चूक, वेळ, दोन्ही नावं, आणि खाली एक ओळ की ही नावं एकमेकांजवळ असू नयेत. तिला चौकशीला बोलावलं. ती गेली. पुढे त्यातलं एक नाव बदललं. आम्ही महिन्यांपूर्वी लिहून दिलं असतं तर तिच्यावर ती सकाळ आली नसती, ही गोष्ट मला सेवानिवृत्तीच्या निरोप समारंभातही आठवत होती आणि आजही आठवते.

या सभागृहात मागच्या रांगांत विमानतळावर, रेल्वेच्या नियंत्रण कक्षात आणि रुग्णालयाच्या औषध विभागात काम करणारी काही तरुण मंडळी बसली आहेत, असं कार्यकर्त्यांनी मला सांगितलं. त्यांना माझी एक विनंती आहे. तुमच्या कामात कानाला किंवा डोळ्याला सारखी वाटणारी दोन नावं तुम्हाला आत्ता, हे ऐकताना, आठवली असतील. कुठली ते तुम्हाला नक्की माहीत आहे. उद्या शिफ्ट सुरू होण्याआधी ती कागदावर लिहा, खाली तारीख घाला, सही करा आणि वरिष्ठांच्या हातात द्या.